विश्लेषण : पुणे नगरपालिकेत जोतीराव फुले एकटे का पडले?

नगरपंचायतीत जायचे, निवेदन द्यायचे, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, दारात उभे राहून फोटो काढायचा आणि तो व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकायचा. धाराशिव जिल्ह्यातील लोहारा असो की राज्यातले दुसरे कुठलेही तालुक्याचे गाव, ही पद्धत आता सगळ्यांना पाठ आहे. निवेदनातले विषयही साधारण ठरलेले असतात. नळाचे पाणी, तुंबलेली नाली, वस्तीजवळचे दारूचे दुकान, बाजारात बसायची जागा, शाळेची गळकी खोली. आणि गावात कुणी मोठा पाहुणा येणार असेल तर एका रात्रीत उजळणारा रस्ता.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या नगरपालिकेत एक सदस्य याच विषयांवर बोलत होता. दारूची दुकाने, पाहुण्यांच्या स्वागताचा खर्च, बाजाराची इमारत आणि गरिबांच्या मुलांची शाळा. त्या सदस्याचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. मुलींची शाळा काढणारे, सत्यशोधक समाज स्थापन करणारे, ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारे महात्मा फुले सर्वांना माहीत आहेत. नगरपालिकेचे सदस्य फुले मात्र चरित्रात एका ओळीत येऊन जातात. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, एवढीच ती ओळ. त्या सहा-सात वर्षांत त्यांनी काय मागितले आणि काय नाकारले, हे पाहिले की सभागृहात एकटे पडणे म्हणजे काय हे कळते.

फुले नगरपालिकेत कसे आले?

निवडून नाही. पुण्याची नगरपालिका १८५७ मध्ये स्थापन झाली, पण तिच्या सदस्यांना लोक मत देत नव्हते. सरकार त्यांना नेमत असे. मतदानाचा मर्यादित हक्क आला तो व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर. तोही सर्वांना नव्हता. कर भरणाऱ्या, मालमत्ता असलेल्या पुरुषांपुरता होता. फुले सदस्य होते तेव्हा सभेत बसणारा प्रत्येक जण सरकारच्या मर्जीने बसलेला होता.

त्याच काळात लोहारा कुठे होते? निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तेव्हाच्या नळदुर्ग जिल्ह्याच्या परिसरात. तिथल्या रयतेने गाऱ्हाणे कुठे मांडायचे, तर पाटील, तहसीलदार किंवा जहागीरदाराच्या कचेरीत. निवडून दिलेला नगरसेवक ही कल्पनाच तिथे पोहोचलेली नव्हती. आज लोहारा नगरपंचायतीत १७ निर्वाचित सदस्य आहेत. फरक केवढा पडला ते या आकड्यातून दिसते. आज नगरपालिकेत आणि नगरपंचायतीत स्वीकृत सदस्य घेतले जातात, पण त्यांना मत देता येत नाही. फुल्यांच्या काळी सगळेच नेमलेले आणि मत देण्याचा अधिकारही त्यांनाच.

सरकारने फुल्यांना का नेमले असावे, याचे उत्तर त्यांच्या आधीच्या आयुष्यात सापडते. जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या काळात फुलांचा व्यवसाय केल्याने फुले हे नाव रूढ झाले. वडील गोविंदरावांचा फुले-भाजीचा धंदा. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या, आणि १८५२ मध्ये सरकारने विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. सरकारदरबारी नाव होते ते असे.

आणखी एक ओळख हल्ली कमी सांगितली जाते. फुले व्यावसायिक होते, कंत्राटदार होते. पूना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या त्यांच्या संस्थेने सरकारी बांधकामांना माल पुरवला, कामे केली. धातूच्या ओतकामासाठी लागणाऱ्या मुशी विकण्याची एजन्सी त्यांच्याकडे होती. मांजरीला शेती होती. म्हणजे सरकारी कामाचे बिल कसे निघते, मोजमाप कोण करते, मधल्या मधे पैसा कुठे झिरपतो, मजुराच्या हातात शेवटी काय पडते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बांधकाम खात्यातल्या लाचखोरीवर त्यांनी पद्यातूनही लिहिले. कंत्राटदाराने असे लिहिणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय देणे, पण त्यांनी ते केले. नगरपालिकेत खर्चाचा प्रस्ताव आला की हा माणूस तो कागद कोणत्या नजरेने वाचत असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

पाण्याचा प्रश्न आधी घरातून

सदस्य होण्याच्या आठ वर्षे आधी, १८६८ मध्ये, फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात समाजसुधारणेच्या धड्यात येते. ती आहेच तशी. पण तिच्याकडे शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न म्हणूनही पाहायला हवे. पुण्यात पेशवाईत कात्रजहून नळ आणून हौद बांधले होते. शहरात पाणी होते, पण ते सगळ्यांसाठी नव्हते. हौद सार्वजनिक म्हणायचा आणि त्यावर हात लावायची काही जातींना बंदी.

अशा वेळी अर्ज कुणाकडे करायचा? फुल्यांनी अर्ज केला नाही, आपल्या अंगणातले पाणी दिले. नातलग, जातभाई काय म्हणतील याचा विचार केला असता तर हौद बंदच राहिला असता. सार्वजनिक पाणवठ्यांवरचा हक्क कायद्याच्या आणि सरकारच्या पातळीवर मान्य व्हायला पुढे कित्येक दशके लागली. मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये आला, आणि तो कागदावरच राहतो हे पाहून १९२७ मध्ये महाडच्या तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तळे महाड नगरपालिकेच्या ताब्यातले होते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुष्काळ आणि सभागृह

फुले नगरपालिकेत आले ते वर्षच वाईट होते. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनभर पसरला. सोलापूर, नगर, पुणे होरपळले आणि निजामाच्या राज्यातला मोठा मुलूखही सुटला नाही. खेड्यांतून माणसे शहरांकडे निघाली. सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले. व्हिक्टोरिया बालाश्रम हे त्याचे नाव. फुल्यांनी त्यासाठी लोकांना मदतीचे आवाहन केले. याच दुष्काळात, १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यासाठी दिल्लीत मोठा दरबार भरला होता.

हे सांगायचे कारण पुढच्या प्रसंगात आहे.

स्वागताच्या हजार रुपयांचे प्रकरण काय होते?

व्हाइसरॉय पुण्याला येणार होते. शहर सजवायचे, स्वागत करायचे, त्यासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. सभेला त्यात काही वावगे वाटले नाही. सदस्य सरकारने नेमलेले, पाहुणा सरकारचा सर्वोच्च अधिकारी, रक्कम नगरपालिकेला झेपणारी. हात वर करायचा आणि पुढचा विषय घ्यायचा, एवढेच काम होते.

फुल्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे सरळ होते. पैसा करदात्यांचा आहे. तो झगमगाटावर उडवण्याऐवजी पुण्यातल्या गरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर लावावा. ३२ नेमलेल्या सदस्यांत विरोधात पडलेले मत त्यांचे एकट्याचे होते. खर्च मंजूर झाला.

या मताची किंमत आज नीट लक्षात येत नाही. आज सभेत विरोधी मत देणाऱ्या नगरसेवकाला निदान आपल्या प्रभागाचा आधार असतो. पुढच्या निवडणुकीत लोक बघून घेतील, असे तो म्हणू शकतो. फुल्यांना प्रभाग नव्हता. ज्या सरकारने खुर्ची दिली त्याच्याच प्रमुखाच्या स्वागताला त्यांनी नाही म्हटले होते. शिवाय ते सरकारी कामांचे कंत्राटदार. साहेब नाराज झाला तर पुढचे काम कुणाला जाणार, हे सांगायला नको.

मग हजार रुपयांवर एवढे का अडायचे? त्या काळच्या मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांचा मोठा आधार जकात होता. शहरात येणाऱ्या धान्यावर, तुपावर, सरपणावर नाक्यावर पैसे घेतले जात. ते शेवटी गिऱ्हाइकाच्याच खिशातून जात, आणि ज्याची सगळी कमाई पोटावर खर्च होते त्याला त्याचा चटका जास्त बसे. पाटीवर भाजी विकणारी बाई नगरपालिकेची मतदार नव्हती, पण तिजोरीत तिचा पैसा होता. फुल्यांच्या सगळ्या लिखाणात हा हिशेब पुन्हा पुन्हा येतो. कर कोण भरतो आणि त्याचा उपभोग कोण घेतो. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी तेच साऱ्या इलाख्याच्या पातळीवर मांडले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, असा त्याचा रोख होता. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी त्यात होती. नगरपालिकेतल्या मतामागचा विचार आणि आयोगापुढच्या निवेदनामागचा विचार एकच होता.

दारूच्या दुकानांचे पत्र

सभेतल्या मतापेक्षा आजच्या निवेदनाशी जास्त जुळणारे प्रकरण १८८० चे आहे. पुण्यात दारूची नवी दुकाने उघडत होती. फुल्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. वस्तीत, रहदारीच्या रस्त्यावर दुकाने येत आहेत, त्याने लोकांची नीती आणि प्रकृती बिघडते, संसार उघड्यावर येतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. शहरात अशी दुकाने किती, हे पाहावे आणि त्यांच्यावर कर बसवून आळा घालावा, असे त्यांचे म्हणणे होते.

पत्रातला सगळ्यात टोकदार मुद्दा नगरपालिकेच्या स्वतःच्या कामाशी जोडलेला होता. आरोग्य राखायचे म्हणून नगरपालिका लोकांकडून पैसे घेते, त्यासाठी खाते चालवते, आणि त्याच शहरात लोकांचे आरोग्य बुडवणारी दुकाने वाढतात. हे दोन्ही एकाच वेळी कसे चालते? नुसता नैतिक उपदेश केला असता तर समितीने कागद बाजूला ठेवला असता. कर आणि काम यांची सांगड घातल्यावर उत्तर देणे भाग पडते.

अडचण अशी होती की दारूचा परवाना नगरपालिकेच्या हातात नव्हता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूचे उत्पादन आणि विक्री सरकारच्या कडक नियंत्रणाखाली आली होती आणि त्यातून सरकारला मोठा महसूल मिळत होता. दुकान शहरात, त्रास शहराला, पैसा सरकारला. हे त्रांगडे आजही ओळखीचे वाटेल. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो आणि तक्रार घेऊन लोक आधी नगरपंचायतीच्याच दारात जातात. एक फरक मात्र पडला आहे. आता प्रभागातील एक चतुर्थांश महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी रीतसर मागणी केली तर दुकानासाठी मतदान घेता येते, आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी बाटली आडवी केली तर दुकान बंद होते. फुल्यांच्या हातात असे काही नव्हते. होते ते एक पत्र.

मंडईला विरोध कशासाठी?

पुण्याची भाजी तेव्हा शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या मैदानात विकली जाई. ऊन, पाऊस, चिखल सगळे होते. तिथून बाजार हलवून पक्की, छपराची मंडई बांधावी, अशी योजना पुढे आली. खर्च काही लाखांचा.

फुले आणि त्यांचे सहकारी हरी रावजी चिपळूणकर यांनी या योजनेला विरोध केला. वरवर पाहता हे चमत्कारिक वाटते. भाजीवाले म्हणजे फुल्यांचे स्वतःचे लोक. वडिलांचा धंदा तोच. त्यांना डोक्यावर छप्पर मिळत असेल तर नको का म्हणायचे? फुल्यांचे उत्तर पुन्हा शिक्षणाकडे जात होते. शहरातल्या गरिबांच्या मुलांना शाळा नाहीत, त्या आधी काढा, दगडी इमारतीवर एवढा पैसा नको. शिवाय मैदानात बसणाऱ्याला गाळ्याचे भाडे लागत नाही, छपराखाली ते लागते.

इथे फुल्यांशी वाद घालायला जागा आहे. शहर वाढत होते, स्वच्छ बाजार ही गरज होती आणि ती इमारत पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पुण्याच्या उपयोगी पडली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे महापौर जोसेफ चेंबरलेन यांनी गॅस आणि पाणीपुरवठा नगरपालिकेच्या मालकीचा करून, गलिच्छ वस्त्या पाडून शहराचा चेहरा बदलला होता, आणि मोठी सार्वजनिक कामे हीच चांगल्या नगरपालिकेची खूण मानली जात होती. फुले कामांच्या विरोधात नव्हते. त्यांची कंपनीच बांधकामे करत होती. त्यांचा आक्षेप क्रमाला होता. आधी काय आणि नंतर काय, हे कोण ठरवते?

मंडई बांधली गेली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले आणि १८८६ मध्ये रे मार्केट सुरू झाले. उंच मनोरा, चहूकडे पसरलेले पंख, पुण्याची शान. फुल्यांचा हाही विरोध वाया गेला.

पद गेल्यावर काय केले?

सदस्यत्व संपले तरी सत्तेपुढे गाऱ्हाणे मांडायची सवय सुटली नाही. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण झाला. कर्ज, सारा, पाटबंधारे, जंगल खात्याचा जाच, कचेरीतल्या कारकुनाची चिरीमिरी असा शेतकऱ्याच्या तक्रारींचा सविस्तर पाढाच तो आहे.

मार्च १८८८ मधला प्रसंग तर प्रसिद्धच आहे. राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी हरी रावजी चिपळूणकरांनी पुण्यात मेजवानी दिली. पाहुणे किमती पोशाखात आणि दागिन्यांत. फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. जाड्याभरड्या कपड्यातला हा माणूस पाहून दारावर अडवाअडवी झाली, यजमानांनी येऊन आत नेले. आत गेल्यावर त्यांनी राजपुत्राला सुनावले की इथे जमलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यात आहे, आणि तिच्या शिक्षणाची सोय करा हे आईसाहेबांना कळवा. मेजवानी द्यायला चिपळूणकर आणि ती भेदायला फुले, दोघे एकाच चळवळीतले. मोठ्या पाहुण्याच्या स्वागताला त्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. इथे ते स्वागतालाच हजर राहिले आणि तिथेच तक्रार मांडली.

त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथे जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढच्या काही महिन्यांत अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात चालेना, तेव्हा डाव्या हाताने लिहीत ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांनी पुरे केले. धंदा केव्हाच मागे पडला होता, औषधपाण्याला पैसे पुरेनात.

नगरपालिकेकडे गेलेली शेवटची मागणी

१८८७ मध्ये फुल्यांनी मृत्युपत्र केले होते. दत्तक पुत्र यशवंत याच्या नावे मालमत्ता आणि अंत्यविधीबद्दल स्पष्ट इच्छा. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा. घरामागे त्यासाठी खड्डाही खणून ठेवलेला होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी फुले गेले. दफनासाठी नगरपालिकेची परवानगी लागणार होती. जागा राहत्या वस्तीत होती आणि वस्तीत दफन करू देता येत नाही, म्हणून नगरपालिकेने परवानगी नाकारली. नियम म्हणून पाहिले तर निर्णयात चूक काढता येणार नाही. आरोग्याच्या कारणाने वस्तीतली दफने रोखणे हे नगरपालिकेचे कामच होते, आणि दारूच्या पत्रात फुल्यांनी स्वतः त्याच कामाची आठवण तिला करून दिली होती.

देहाला अग्नी द्यावा लागला. अंत्ययात्रेत पुढे टिटवे धरून सावित्रीबाई चालल्या. त्या काळी बाईने असे करणे लोकांना पाहवणारे नव्हते. नंतर अस्थी आणून घरामागे त्यांनी ठरवून ठेवलेल्या जागीच पुरल्या आणि वर पादुका बसवल्या. गंज पेठेतल्या फुले वाड्यात ती जागा आजही पाहता येते. वाड्यातला हौदही आहे.

तिथून पायी काही मिनिटांवर मंडई लागते. आचार्य प्र. के. अत्रे पुणे नगरपालिकेत गेले तेव्हा त्यांनी रे मार्केटचे नाव बदलण्यासाठी पुढाकार घेतला. ज्या इमारतीच्या खर्चाला फुल्यांनी विरोध केला होता, तिचे नाव आता महात्मा फुले मंडई आहे.